हिला किती म्हातारी करायची?

नवी कोरी भिंत समोर आली की मामू आधी विचारायचे, "हिला किती म्हातारी करायची?" दुबईतल्या आमच्या इंटिरियर कंपनीत बाकीचे पेंटर भिंती नव्या करत, मामू जुन्या. गंज, शेवाळ, खाऱ्या वाऱ्यानं फुटलेला चुना हे सगळं ते रंगातून उभं करत.

शेडकार्डावर त्यांचा विश्वास नव्हता. "कार्डावर दुकानाचा रंग असतो. भिंतीचा रंग बादलीत होतो," म्हणत. बादलीत मिसळलेला रंग पुठ्ठ्यावर लावायचा, एसीच्या गारव्यात वाळू द्यायचा आणि मगच हो किंवा नाही म्हणायचं. त्यांच्या ब्रशला दुसऱ्या कुणी हात लावलेला चालत नसे. "हात लावलास तर दापोलीला पाठवीन. माझ्या बायकोकडे," ही त्यांची धमकी.

साठी उलटल्यावर मॅनेजरनं सरळ सांगितलं, "मामू, फुजैरा के होटल की दीवार पास हुई तो व्हिसा रिन्यू. नहीं तो घर." मामूंना घरी जायचं नव्हतं. मी कारण विचारलं तर म्हणाले, "बायको स्वयंपाकघर रंगवायला लावील. तेही साधं पांढरं."

हॉटेलच्या लॉबीत त्यांनी तड्यांची भिंत घेतली. खाली गडद रंग, त्यावर चिकट थर, त्यावर फिका रंग. वाळताना वरचा थर आपोआप फाटतो आणि जुन्या हवेलीसारखी जाळी उमटते. वरचा हात मात्र एकदाच फिरवायचा, परत फिरवला की तडा मरतो. भिंत मनासारखी झाली. मालक दुसऱ्या दिवशी बघायला येणार होते. मामू जुम्म्याच्या नमाजाला गेले.

तेवढ्यात भेगा बुजवणाऱ्या पुट्टी गँगचे सुर्वे लॉबीत आले. चिपळूणचा माणूस, मामूंवर जीव. पाहतात तर भिंतभर तडे. त्यांनी गँगमधल्या दोघांना हाताशी घेतलं, एकूण एक तडा पुट्टीनं भरला आणि वर पॉलिशपेपर मारला. मामू परतल्यावर सुर्वे हळूच म्हणाले, "मामू, कुणाला सांगू नका. सगळं गुपचूप भरून टाकलंय."

मामू उलट्या बादलीवर बसले. मग म्हणाले, "सुर्व्या, तुझं काळीज सोन्याचं आहे. हात तेवढे छाटायला पाहिजेत."

मॅनेजर धावत आला. "किसने किया?"

"दीवार मेरी है. कल देखना," मामू म्हणाले. नाव सांगितलं नाही.

भिंत घासून पुन्हा सुरुवात झाली. वेळ इतका कमी होता की वरचा थर दोन्ही टोकांकडून एकदम लावणं भाग होतं. मामूंनी दुसरा ब्रश सुर्व्यांच्या हातात दिला. सुर्वे मागे सरले.

"मामू, माझ्यामुळे व्हिसा जाईल तुमचा."

"व्हिसाची काळजी मला. तू हात बघ. चुकलं वाटलं तरी मागे फिरवू नको. यल्ला, चल."

दुसऱ्या दिवशी मालकानं तड्यांवरून बोट फिरवलं. उजवीकडची जाळी जरा जाड होती. ती सुर्व्यांची. मालकाला तीच जास्त आवडली.

रिन्यूअलचा कागद पुढे आला तेव्हा मामूंनी पेन खाली ठेवलं. "आधी सुर्व्याला पुट्टीतून काढून माझ्याकडे द्या. भिंत तडकली तर ज्याचा जीव जातो, असा माणूस मला पाहिजे."

मॅनेजर हसला. मामू हसले नाहीत. मॅनेजरनं होकार दिल्यावरच त्यांनी सही केली.

मामू आता दापोलीला असतात. सुर्वे इथेच आहेत, व्हिसावर 'पेंटर' आहे. कुठल्याही साइटवर तडा दिसला की आधी विचारतात, "मुद्दाम आहे ना?"