पाय न टेकता पाच दिवस

सायकल काय, कुणीही चालवतो हो! पण पाच दिवस, पाच रात्री, जमिनीला पाय न लावता? चौऱ्याहत्तर साली कराडजवळच्या एका गावात कृष्णात मोहित्यानं शाळेच्या पटांगणात रिंगण आखलं आणि सायकलवर टांग टाकली, तेव्हा निम्मं गाव हसायला जमलं होतं.

कारण मात्र हसण्यासारखं नव्हतं. कृष्णाताची भावजय बाळंतपणात अडली आणि कराडला नेताना बैलगाडीतच गेली. मग गावानं बाळंतिणींसाठी खोली बांधायला काढली. भिंती झाल्या, पैशावाचून छप्पर अडलं. हंबीरराव पाटील चारचौघांत बोलून गेले, "कृष्णाता, पाच दिवस पाय टेकला न्हाईस तर सगळं पत्रं माझं. टेकलास तर त्या भिंतींवर शेण्या थापू." मिलिटरीतनं आलेला गडी तो, ऐकून घेतोय होय?

पण खरी कसरत त्याच्या बायकोची, सुलाबाईची. पदर खोचून सायकलीबरोबर पळायचं आणि पळता पळता पिठलं-भाकरीचा घास भरवायचा, ही चेष्टा वाटली काय? लेक अंजना कळशी घेऊन पळायची आणि बापाच्या डोक्यावर पाणी ओतायची, झाली आंघोळ! बाकीचं विचारू नका, पडदा धरून पळणारे गडी वेगळे होते.

चौथ्या दिवशी कृष्णाताचे पाय सुजले, डोळे मिटायला लागले. "आवं, जागं ऱ्हावा! जावंचं तोंड आठवा," म्हणत सुलाबाई पळत होती. जाऊ तिच्या मांडीवरच गेली होती. खोलीवर छप्पर बघितल्याशिवाय तिला चैन पडणार नव्हतं.

पाचवा दिवस. दिवस मावळायला दोन तास उरले. हलगी कडाडत होती, हसायला आलेलेच आता शिट्ट्या मारत होते. तेवढ्यात शिराळ्याच्या एस.टी.नं कृष्णाताची आई आली, दगडाबाई. काठी टेकत थेट रिंगणाशी उभी राहिली.

आणि घोटाळा झाला! वडीलधारं माणूस दिसलं की सायकलवरून उतरायचं, ही आमच्याकडची रीत. त्यात समोर आई. झोपेच्या गुंगीतल्या कृष्णातानं ब्रेक दाबला आणि पाया पडायला उतरू लागला.

सुलाबाई ओरडली, "आवं! आवंऽ!" पण हलगीपुढं कोण ऐकतंय? पाय जमिनीपासून वीतभर राहिला.

"कृष्णाऽऽत! पाय वर!"

हलगी बंद पडली. सोळा वर्षांच्या संसारात नवऱ्याचं नाव फक्त उखाण्यात घेतलेली बाई, आणि आज अख्ख्या गावादेखत, सासूसमोर, तेही एकेरी! कृष्णात दचकला. पाय पॅडलवर गेला, सायकल डुगडुगली आणि निघाली पुढं.

सुलाबाईनं लाजून पदरात तोंड लपवलं. दगडाबाई जवळ आली आणि तिनं तो पदर खाली ओढला.

"तोंड काय लपिवतीस, सुले? आजून दोन तास हायती. बघ, पुन्यांदा पेंगाय लागला त्यो. दे हाक!"

मग काय! दिवस बुडेस्तोवर सुलाबाई नावानं हाका मारत रिंगणाभोवती पळाली, आणि पोरंबाळं, म्हातारेकोतारे तिच्या मागनं.

शिट्टी झाली. चौघांनी कृष्णाताला उचलून खाली घेतलं. "पत्रं उद्याच येत्यात," हंबीरराव सगळ्यांदेखत म्हणाले. सुलाबाई मटकन खाली बसली. आनंदानं बोलावं म्हणून तोंड उघडलं, तर आवाज पार बसलेला. ती नुसतीच हसत राहिली, आणि डोळ्यांतनं पाणी वाहत राहिलं.