जुन्या कपड्यांतले सुतक

१२ मार्च २०१६, कुमासी, घाना. घरात जिवंत माणसे पाच. मृत एक, ते मामा.

प्रत्येक अंत्यविधीला सगळ्या भावकीने एकाच छापाचे नवे कापड घ्यावे, ही रीत. आफिया ब्रागोच्या घराने मात्र वर्षभर नवे काही न घेण्याचे ठरवले होते. दुःख नवे असले तरी कापड जुने चालते, असे तिचे मत. तिने सगळ्यांचे जुने कपडे काळे रंगवले आणि ते घालून कुटुंब भावकीच्या रांगेत बसायला आले.

"जुनंच घालून आलीस? मामा काय म्हणतील गं?" मावशीने अडवले.

"मामा बोललेच, मावशी, तर आपण सगळेच घरी जाऊ."

मावशी हसू दाबत बाजूला सरली. वडीलधाऱ्यांनी दारूच्या एका बाटलीचा दंड ठोठावला. आफियाने घरातली रिकामी बाटली धुऊन पाठवली. दंड अजून भरलेला नाही.