मामाच्या सर्व्हरचे मेसेज

शाळा सुटली की बाबा कामावरून येईपर्यंत मी पंचवटीतल्या मामाच्या स्टुडिओत बसते. मी फारशी बोलत नाही. त्यामुळे मी तिथे आहे हेच सगळे विसरतात आणि माझ्यासमोर वाट्टेल ते बोलतात. असे किस्से साठत गेलेत. कुणाला सांगायला जमत नाही, म्हणून लिहिते.

मामा लग्नांचे व्हिडिओ काढतो. सगळं शूटिंग आतल्या खोलीतल्या सर्व्हरवर असतं. त्यात चार डिस्क आहेत. एक बिघडली तरी काही जात नाही, उरलेल्या तिघी सांभाळून घेतात. दोन गेल्या की सगळं गेलं. स्टुडिओतले कॉम्प्युटर बघणाऱ्या सागरदादाने मला हे समजावलं होतं.

त्यानेच अशी सोय केली, की काही बिघडलं तर सर्व्हरने स्वतःहून फोनवर मेसेज पाठवायचा. सगळं ठीक असलं तरी रोज सकाळी एक मेसेज यायचाच. त्याने तीन नंबर टाकले: मामाचा, स्वतःचा आणि माझ्या आईचा. आई स्टुडिओत ऑर्डर घ्यायची, आणि आलेला प्रत्येक मेसेज वाचणारी ती एकटीच होती.

*

मेसेज येतो का हे बघायला सागरदादाने चालू सर्व्हरमधली एक डिस्क सरळ ओढून काढली. मामाचा चहा सांडला. तिन्ही फोन एकदम वाजले आणि सागरदादा खूश झाला!

डिस्क परत लावली, पण तिच्यावर सगळं पुन्हा भरेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. तोवर मामा त्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसला. कुणाला आत सोडेना.

आई म्हणाली, "दादा, बाळंतिणीची खोली आहे का ती?"

*

उन्हाळ्यात खोली तापली की मेसेजवर मेसेज यायचे. मामाने फोनचा आवाजच बंद करून टाकला. मग आई घरून स्टुडिओत फोन करायची.

"दादा, तुझ्या लेकराला ताप आलाय. एसी लाव."

*

दसऱ्याला कॅमेऱ्यांबरोबर सर्व्हरचीही पूजा झाली. झेंडूच्या पाकळ्या पंख्यात अडकल्या आणि ऐन आरतीत पंखा बंद पडल्याचा मेसेज आला.

त्याच दिवशी मामाला सागरदादाने डिस्कवर लावलेली लेबलं दिसली. शून्य, एक, दोन, तीन.

"पूजेच्या वस्तूवर शून्य? धंदा शून्य करायचाय का?"

त्याने ती काढली आणि एक ते चार अशी नवी लेबलं लावली, प्रत्येकावर कुंकवाचं बोट. सागरदादा म्हणाला, "भाऊ, सर्व्हर शून्यापासून मोजतो."

"मोजू दे. स्टुडिओ माझाय."

सगळे हसले. मीसुद्धा.

*

मागच्या वर्षी आई गेली.

मामेबहिणीच्या हळदीला ती गायली होती. तयार व्हिडिओत मामाने त्यावर सिनेमाचं गाणं टाकलं, त्यामुळे आईचे फक्त ओठ हलतात. तिचा आवाज मूळ शूटिंगमध्ये होता, सर्व्हरवर. आमच्याकडे तो आणखी कुठेच नाही.

खूप दिवस मनात जुळवाजुळव करून मी मामाकडे त्याची कॉपी मागितली.

"अगं, कुठे पळून जातंय? चार-चार डिस्क आहेत. लग्नसराई संपू दे."

मी मान हलवली. एकच गोष्ट दोनदा मागणं मला जमत नाही.

*

सागरदादा भावाच्या लग्नाला नांदगावला गेला होता. सर्व्हरचा मेसेज आला: डिस्क २ बिघडली आहे.

आई गेल्यापासून मामा प्रत्येक मेसेज वाचायला लागला होता. नवी डिस्क कपाटात होतीच. त्याने दोनचं लेबल बघून डिस्क काढली आणि नवी लावली. सगळं पुसून नव्याने सुरू करू का, असं सर्व्हरने स्क्रीनवर इंग्रजीत विचारलं, मामाने न कळताच होय म्हटलं.

बिघडलेली डिस्क तीनच्या लेबलची होती.

मी शाळेतून आले तेव्हा मामा फोनवर सागरदादाला हेच सांगत होता. तिकडचं ऐकलं. मग म्हणाला, "हो रे. शून्यापासून."

गेलेलं शूटिंग परत काढायला मुंबईला पाठवलेल्या डिस्क तशाच परत आल्या. काही निघालं नाही. त्या दिवशी मामा माझ्याजवळ येऊन बसला. बराच वेळ माझ्या भूगोलाच्या पुस्तकाची पानं उलटत राहिला.

"वडापाव खातेस?" त्याने विचारलं.

मी हो म्हटलं.

*

आता चारही डिस्क नव्या आहेत. मेसेजची सोय पुन्हा लावताना सागरदादाने हळूच विचारलं, "भाऊ, ताईंचा नंबर काढू का?"

मामा म्हणाला, "राहू दे."

आईचा फोन घरी फ्रिजवर असतो. बाबा तो चार्ज करून ठेवतात. आज सकाळी मी डबा भरत होते, तेव्हा तो वाजला. बाबांनी चष्मा लावून मेसेज वाचला, एका बोटाने काहीतरी टाइप केलं आणि आंघोळीला गेले.

मी फोन उघडला. सर्व्हरचा मेसेज होता: चारही डिस्क ठीक आहेत. पूर्ण जागा रिकामी आहे.

त्याखाली बाबांनी लिहिलं होतं, 'बरं.'

मी वर सरकवत गेले. आई गेली त्या आठवड्यापासून रोजच्या मेसेजखाली तेच होतं. डिस्क २ बिघडली आहे, त्याच्याखालीसुद्धा.

'बरं.'