बूट काढून पाहिलेली कॅरॅव्हान

माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही. त्या विक्रेत्यावरचा राग नंतर सांगते. पहिला मान नवऱ्याचा.

नवरा सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायचा त्याला पगार मिळतो. कॅरॅव्हान, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घ्यायचं ठरलं तसा तो एक्सेल उघडून बसला आणि चाळीस मुद्द्यांची यादी केली. टायर किती जुने, हुकाला गंज आहे का, ब्रेक, गॅसची नळी, खिडक्यांचे रबर, कोपऱ्यांतल्या फटी बुजवणारं सीलंट. यादी चांगली होती, हे मी रागातही कबूल करते. फक्त ज्या कारणासाठी कॅरॅव्हान घ्यायची, ते कारण तिच्यात कुठेच नव्हतं.

कारण म्हणजे आमची मुलगी. वय दहा, आणि जोडीला दमा. एकदाच तिला तंबूत नेलं होतं, तर तिसऱ्या दिवशी धाप लागली म्हणून सगळं गुंडाळून परत आलो. आमच्या हाउसआर्ट्सबाई, म्हणजे घरच्या डॉक्टरीणबाई, स्पष्ट म्हणाल्या, की ओल आणि बुरशी यांपासून हिला लांब ठेवा. तिच्या वर्गातली निम्मी मुलं मेच्या सुट्टीत कॅम्पिंगला जातात आणि ही हार्लेमला आमच्या घरी खिडकीत बसून राहते. या वर्षी तू पण कोरड्या पलंगावर झोपशील, असा शब्द तिला बापाने दिला होता.

म्हणून एका शनिवारी आर्नहेमच्या बाहेर एका यार्डात आम्ही पोचलो. कॅरॅव्हान तीन-चार वर्षं वापरलेली, छोटीशी, पांढरी, आत दोन मजली पलंग. विक्रेता उंच आणि हसरा. सगळं नवऱ्याशी बोलत होता. मी आणि मुलगी जणू गाडीतून उतरवलेलं सामान. "हे इन्स्टॅपमॉडेल आहे," तो दोनदा म्हणाला.

"इन्स्टॅप म्हणजे आत स्टेप करायचं, आई," मुलीने मला समजावलं. "फॉर बिगिनर्स."

नवशिक्यांसाठी! म्हणजे ज्यांना काही कळत नाही त्यांच्यासाठी. भिंतीचा पत्रा थोडा लाटेसारखा दिसला की इन्स्टॅपमॉडेल. कपाटाचं दार हातात आलं की इन्स्टॅपमॉडेल. एका शब्दात त्याने सगळ्या तक्रारी आधीच मिटवून टाकल्या होत्या. आणि नवरा मान डोलवत हातातल्या लॅपटॉपवर एकेका ओळीला टिक करत होता. येताना गाडीत त्याने मला ऐकवलंच होतं, "इथले डच लोक तोंडावर बोलतात, पण खोटं नाही बोलत. पुण्याचा डीलर असता तर मी अजून दहा मुद्दे घातले असते." तोंडावर बोलणारा माणूस खरंच बोलतो हा शोध कुणी लावला, देव जाणे. पण इथे आलेल्या आपल्या निम्म्या लोकांनी तो मानून टाकलाय.

दाराशी मी बूट काढले. त्यात विचार काही नव्हता. आत पलंग आहे, चूल आहे, म्हणजे घर आहे, आणि घरात आपण बूट काढून शिरतो.

विक्रेता मोठ्याने हसला. "मेव्राऊ, हे देऊळ नाही!"

आणि नवराही हसला. तोच त्याच्याबरोबर हसला याचा मला जास्त राग आला. वर मराठीत हळूच म्हणतो, "अगं, घाल ना बूट. कसं दिसतं ते!"

मी नाही घातले. आत पाऊल टाकलं आणि पायाखालची जमीन दबली. फार नाही, भिजलेल्या पुठ्ठ्यावर उभं राहिल्यासारखी. तिथे रबरी पायपुसणं होतं, आणि त्याच्या कडेला उभं राहिल्यावर मोज्याला गार लागलं. लिंबाच्या स्प्रेचा वास सगळीकडे मारलेला होता, पण त्याच्या खालून तो दुसरा वास येतच होता. मी चिपळूणच्या सरकारी क्वार्टरमध्ये कपाटामागच्या काळ्या भिंती पुसत मोठी झाले. ओल कशाला म्हणतात ते मला कुणी शिकवायला नको.

तेवढ्यात मुलगी, तीही सवयीने बूट काढून, माझ्या शेजारून आत धावली आणि वरच्या पलंगावर चढली. "धिस वन इज माइन!"

"इथली जमीन दबतेय," मी नवऱ्याला म्हटलं.

त्याने लॅपटॉपमध्ये बघितलं. "जमीन ओके आहे. टिक केलंय."

"कधी पाहिलीस?"

"जाहिरातीतल्या फोटोत."

फोटोत! लोकांच्या चुका शोधणारा हा माणूस.

"आणि ओलीचा वास येतोय."

"आता वास कुठल्या कॉलममध्ये टाकू?" तो म्हणाला. विक्रेत्याला मराठीचं अक्षरही कळलं नव्हतं, तरी तो हसला.

मग मी माझ्या मोडक्यातोडक्या डचमध्ये विक्रेत्याला विचारलं, ओल मोजायचं यंत्र आहे का? आहे, पण बॅटरी संपलीय. ही जमीन का दबते? स्वस्तातल्या मॉडेलची थोडी नरमच असते. ठीक, मग तुम्ही बूट काढा आणि इथे उभे राहा.

पहिल्यांदाच त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. हसू गेलं होतं. "थंडी आहे," तो म्हणाला आणि जाड तळव्याचे बूट घालून त्याच पायपुसण्यावर उभा राहिला.

मी मुलीला पलंगावरून उतरवलं. तिने दांडी धरून ठेवली होती, बोटं एकेक करून सोडवावी लागली. नवरा विक्रेत्याला म्हणाला, संध्याकाळपर्यंत कळवतो. गाडीत बसल्यावर "यू ऑल्वेज रुइन इट," एवढंच मागच्या सीटवरून आलं. नवरा म्हणाला, "तुला उगाच शंका. थोडं सीलंट लावून भागलं असतं." मुलीला नको ते दाखवून तिच्यासमोर नाही म्हणायची वेळ बापाने माझ्यावरच आणली, आणि वाईटही मीच ठरले.

घरी दारात आम्ही तिघांनी बूट काढले. नवरा भिंतीला टेकून विक्रेत्याला मेसेज टाइप करत होता. त्याच्या खांद्यावरून मला दिसलं, आम्ही घेतो, असं, अजून न पाठवलेलं. मी काही म्हणायच्या आत मुलगी थांबली. तिच्या पांढऱ्या मोज्याच्या टाचेवर तपकिरी डाग होता, अजून ओला. तिने मोजा ओढून काढला, मुलं कशालाही नाक लावतात तसा नाकाशी नेला, आणि खोकायला लागली.

मी तिचा दम्याचा निळा पंप आणायला धावले. परत आले तेव्हा खोकला थांबत आला होता. फोन चपलांच्या रॅकवर पालथा पडला होता, आणि नवऱ्याने तो मोजा उचलून स्वतःच्या नाकाशी धरला होता.