चार सूर खाली

पट्टीदादांच्या स्टुडिओतून त्यांची थप्पड न खाता रेकॉर्डिंग करून आला, असा माणूस कुरुळीत नव्हता. सूर चुकला की गालावर, माइकला हात लागला की पाठीत. कंपनीची शिफ्ट सुटल्यावर भजनं गायला जाणारे आम्ही तो मार निमूट खायचो, कारण आमच्या बेसूर गळ्यांचं ते खरोखर सोनं करत.

दादांचं पोट मात्र भाईलोकांच्या वाढदिवसांच्या रेकॉर्डिंगवर चाले. आमच्या कंपनीला मजूर पुरवणाऱ्या एका भाईचा आवाज इतका बारीक, की "उभा चिरीन" म्हणाला तरी भाजी चिरतोय असं वाटे. दादा कॉम्प्युटरवर तो चार सूर खाली उतरवत आणि मिरवणुकीत खिडक्या थरथरत. "गळा उंदराचा, गुर्मी वाघाची," दादा म्हणत. ही करामत त्यांनी भाईला शेजारी बसवून हौसेनं शिकवलीही होती.

माझा खोलीतला जोडीदार रफिक यानं युनियनचं नाव काढलं म्हणून त्याच भाईनं त्याला भरदुपारी कंपनीबाहेर पाइपनं मारलं. डोकं फुटलं तरी जीव जाईपर्यंत मारत राहिला. माझ्यासकट बघे पुष्कळ होते, बोलायला कुणी तयार नव्हतं. आवाज बदलून व्हिडिओ टाकावा म्हणून मी दादांकडे गेलो.

त्यांनी माझा आवाज उतरवला, पुन्हा चढवला. आतून जसाच्या तसा मी निघालो.

"हे त्यालाबी येतंय. मीच शिकवून बसलोय," म्हणत त्यांनी स्वतःच्याच तोंडात मारून घेतली. "पोरगी हाय ना तुला? जा, चहा आण."

परतलो तेव्हा व्हिडिओ तयार होता. जाड, राक्षसी आवाजात रफिकचा खून सांगितला जात होता. त्यात 'मारत्यात' होतं, 'बघत्यात' होतं. मी लातूरकडचा, आम्ही 'मारतेत' म्हणतो. कोण बोलतंय हे मला कळलं.

"दादा, तुम्हाला धरतील."

"मी गावचा हाय. मला हात लावताना इचार करत्याल."

त्यांनी तो व्हिडिओ टाकला, मी अडवलं नाही. मला बरं वाटलं होतं. त्याची लाज अजून जात नाही.

चौथ्या दिवशी भाईच्या माणसांनी माइकच्या स्टँडनं दादांचा जबडा फोडला आणि गळ्यावर पाय देऊन उभे राहिले. दवाखान्यात दादांनी कागदावर लिहिलं, 'गावाला पळ.' दोन दिवसांनी ते गेले.

मी पळालो नाही. कोर्टात तो व्हिडिओ चार सूर चढवून लावला, तेव्हा दादा माझी साक्ष देत होते. व्हिडिओ संपल्यावर माझं नाव पुकारलं गेलं आणि मी उभा राहिलो.