आमच्या वर्गातली काऊन

तिचं खरं नाव फक्त हजेरीपुरतं. सरांचं वाक्य संपतं न संपतं तोच मागच्या बाकावरून आवाज यायचा, "पण सर, काऊन?" आमच्याकडे 'का'ला 'काऊन' म्हणतात, म्हणून ती काऊन.

लाजाळूची पानं हात लागला की मिटतात, असं सरांनी सांगितलं. मी लिहून घेतलं. संपला की नाही विषय? पण ही उठलीच. "काऊन मिटतात सर? त्या झाडाले काय भेटते त्यातून?" सरांचा चेहरा असा खुलला की माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वनस्पतिशास्त्रात पहिला नंबर माझा, आणि सर तास घ्यायचे हिच्याकडे बघून!

एकदा तिच्याबरोबर अमडापूरला गेले होते. एसटीत कंडक्टरलाही तिनं सोडलं नाही. "चिखलीत गाडी एवढी काऊन थांबवता हो?" तो आधी वैतागला, मग हसला आणि तिला खिडकीजवळ जागा करून दिली. मी चिखलीपासून उभीच होते.

तिसरं वर्ष संपत आलं. पदवी घेऊन बाहेर पडायचं, की चौथं वर्ष थांबून ऑनर्स करायचं? बाबा म्हणत, "बी.एड. कर अन् मोकळी हो." खरं तर मलाही तेच हवं होतं. पण काऊन ऑनर्स करणार, हे सगळे धरूनच चालले होते. वर्षभर ती सरांच्या हाताखाली संशोधन करणार आणि मी घरी बसून ऐकणार? छे! बाबांशी भांडले आणि ऑनर्सला नाव दिलं.

नाव देऊन आले, तर ही जिन्यात डबा खात बसलेली.

"मी नाही थांबून राह्यली वं. वावरात रोपवाटिका टाकाची हाय मले. त्याच्यासाठी चौथं वर्ष काऊन?" मग डबा माझ्यापुढे सरकवत म्हणाली, "तू काऊन थांबून राह्यली?"

"आवड हाय मले," मी म्हणाले. आणि तिच्या घरचं वांगं तोंडात कोंबलं.

आता वर्गात आम्ही मोजकेच. सर वाक्य संपवतात आणि मागच्या बाकाकडे बघत जरा थांबतात. असा राग येतो! गेली ना ती आता?

परवा सर म्हणाले, मूळ ओलाव्याकडे वळतं. मला खरंच कळेना. तोंडातून निघूनच गेलं, "पण सर, काऊन?"

सरांचा चेहरा खुलला. अगदी तस्साच. तीन वर्षं मी याचीच वाट पाहिली होती.

"वा!" सर म्हणाले. "आज ती असती ना, तर तिनंही हेच विचारलं असतं."