तोफ सुटली, गादीवाला अडकला

आमच्या गल्लीत गादीवाल्याचं दुकान आहे. दुकान म्हणायचं ते आपलं जनाची रीत म्हणून. एरवी ती फुटबॉलवेड्यांची सभा. सोफे, खुर्च्या, दवाखान्यातले बाक, मोटारींच्या सीटा, सगळं तिथं फाटून येतं आणि फुगून जातं. ज्या आठवड्यात ज्या गिऱ्हाइकाचा सोफा असेल त्यावर आम्ही बसतो आणि भिंतीवरच्या टीव्हीवर सामना बघतो. गिऱ्हाइकानं विचारलं तर गादीवाला शांतपणे सांगतो, "स्प्रिंगा तपासायला माणसं बसवलीत."

गादीवाल्याला मैदानावर भोंगा म्हणतात. देवानं उंची देताना हात आखडला आणि सगळं घशात ओतलं. पूर्वेकडच्या गॅलरीत तो पहिल्या पायरीवर मैदानाला पाठ करून उभा राहतो आणि खेळाडूचं नाव पुकारतो. मग अख्खी गॅलरी तेच नाव परत करते. म्हणजे या गृहस्थानं आयुष्यभर संघासाठी जीव टाकला, पण निम्मे गोल त्यानं लोकांच्या तोंडावरच बघितले. वहिनी, म्हणजे त्याची बायको, म्हणते, "घरातही हे तसंच. बोलतात एकदा, भिंती म्हणतात दोनदा."

आता मुख्य भानगडीकडे येतो.

आमच्या संघाचा नऊ नंबरचा खेळाडू, लाडानं तोफ. मागच्या हंगामात तोफेनं भर सामन्यात पंचाच्या छातीत डोकं घातलं. घातलं की पंचच पुढे आला, यावर दुकानात दोन सोफे उसवले. शिस्त समितीनं तोफेला वर्षभर बाहेर बसवलं. गल्लीवर शोककळा पसरली. भोंग्यानं दोन दिवस एकही खिळा ठोकला नाही. मग त्यानंच युक्ती काढली: तोफ परत येईपर्यंत प्रत्येक सामन्यात नववं मिनिट आलं की पूर्वेकडच्या गॅलरीनं ते सबंध मिनिट तोंडावर बोट ठेवून बसायचं. टाळी नाही, शिट्टी नाही, खोकलासुद्धा रुमालात. कल्पना सगळ्यांना इतकी आवडली की विरोधी संघाचे लोकही ते मिनिट बघायला वेळेवर यायला लागले.

आणि तोफेच्या रिकाम्या जागेवर खेळायला कोण आला? भोंग्याचा जावई.

जावई मुळात सज्जन, कमी बोलणारा, आणि लग्न ठरलं तेव्हा राखीव खेळाडू. बाकावर बसून असायचा. भोंगा तेव्हा सगळ्यांना सांगायचा, "बसण्याचा धंदा माझा, पण पगार त्याला मिळतो." वर संघाच्या व्यवस्थापकाला निरोपही धाडला होता की बाक कडक दिसतोय, फोम बसवून देतो, घरचाच माणूस आहे. लेकीनं तेव्हापासून बापाला सामन्यांविषयी जावयासमोर बोलायची बंदी घातली होती. ती बंदी भोंग्यानं किती पाळली असेल ते तुम्हीच ठरवा.

तोफ बाहेर बसली आणि बाकावरचा उठला. उठला तो बरा खेळला. आणि तिसऱ्या की चौथ्या सामन्यात त्यानं असा गोल मारला की जाळीनं मान टाकली. झालं इतकंच, की तो नेमका नवव्या मिनिटात मारला.

बिचारा दोन्ही हात पसरून पूर्वेकडच्या गॅलरीकडे धावत आला. समोर हजारो माणसं तोंडावर बोट ठेवून बसलेली. तो थबकला. त्यानं कडेच्या पंचाकडे बघितलं, झेंडा वर आहे का. झेंडा खाली. परत गॅलरीकडे बघितलं. पहिल्या पायरीवर त्याचा सख्खा सासरा दोन्ही तळव्यांनी तोंड दाबून उभा, डोळ्यांत पाणी, मान नुसती लटलट हलवतोय. मिनिट संपल्यावर गॅलरीनं आरडाओरडा केला, पण तोवर समोरच्या संघानं खेळ पुन्हा सुरू केला होता. त्यांना वाटलं आपल्यालाच दाद मिळतेय. त्यांनी हात हलवून आभार मानले.

जावई बूट सोडून घरी गेला. लेकीनं मात्र संध्याकाळी दुकानात येऊन बापाला गाठलं. "बाबा, तुम्हाला एक मिनिट तोंड उघडायला काय झालं होतं?"

"अगं, नियम मीच केला होता."

"मग तुम्हीच मोडायचा होता."

भोंग्यानं खिळे तोंडात धरले आणि हातोडा उचलला. लेकीचं घर तीन गल्ल्या पलीकडे, पण तिचं येणं कमी झालं. वहिनी एकटीच जाऊन यायची.

अशात परवा दुपारी टीव्हीवर बातमी झळकली. न्यायालयानं तोफेवरची बंदी उठवली. रविवारपासून खेळायला मोकळा.

भोंगा तेव्हा दातांच्या डॉक्टरांची खुर्ची नव्या रेक्झिननं मढवत होता. हातातलं पिनांचं यंत्र टाकून तो औषधवाल्याच्या गळ्यात पडला. औषधवाल्याचं दुकान समोरच, पण माणूस दिवसभर इकडे. दोघं नाचले. बाहेर गाड्यांचे भोंगे वाजायला लागले. शाळेच्या मास्तरांनी वर्ग सोडला म्हणे, मी बघितलं नाही, पण त्यांच्या स्वभावाला धरून आहे. नाचता नाचता भोंगा मध्येच उभा राहिला. चावी संपल्यासारखा.

"काय रे, काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही," म्हणाला. "जावईबापूंची जागा."

औषधवाल्यानं गळ्यातला हात हळूच काढून घेतला.

तेवढ्यात वकील आला. हा वकील जमिनीचे व्यवहार बघतो, पण फुटबॉलच्या दिवशी सगळे कायदे त्याचेच. त्याला मधल्या सोफ्यावर बसवलं.

"म्हणजे तोफेनं डोकं घातलंच नाही, असं ठरलं ना?" औषधवाल्यानं विचारलं.

"तसं कोर्टानं म्हटलेलं नाही."

"मग घातलं असं म्हटलंय?"

"तसंही नाही. समितीनं त्याचं म्हणणं ऐकून न घेता शिक्षा दिली, एवढंच. म्हणून शिक्षा रद्द."

"आणि डोकं?"

"डोकं आहे तिथंच आहे," वकील म्हणाला.

औषधवाला विचारात पडला. त्याचा विचार म्हणजे बरणीचं झाकण उलट्या बाजूनं फिरवणं. "बंदी रद्द म्हणजे ती मुळात नव्हतीच?"

"कायद्याच्या भाषेत, एका अर्थी, नव्हतीच."

"नव्हतीच, तर या पाच महिन्यांत तोफ खेळायला हवी होती. खेळली नाही. म्हणजे हे सामने चुकीचे. म्हणजे त्यांतले गोल..."

सगळ्यांनी भोंग्याकडे बघितलं. भोंगा डॉक्टरांच्या खुर्चीमागे गेला आणि खाली वाकून पिना मारायला लागला.

"गोल राहतात," वकील घाईनं म्हणाला. "राहायला हवेत. मी बघून सांगतो. समिती वरच्या कोर्टातही जाऊ शकते."

"मग नवव्या मिनिटाचं काय करायचं?" मी आपली काडी टाकली. "तोफ आली, पण कायमची आली की नाही माहीत नाही. अर्धं मिनिट गप्प बसायचं?"

यावर तासभर काथ्याकूट झाला. निष्कर्ष असा निघाला की रविवारी ज्याला जसं सुचेल तसं त्यानं करावं. इतका लोकशाही निर्णय त्या दुकानात त्याआधी कधी झाला नव्हता.

माणसं पांगल्यावर फोन वाजला. लेकीचा. भोंग्यानं तो कानाला लावला, पण त्या घराण्यात फोनवर खासगी असं काही राहत नाही.

"बाबा, ऐकलंत?"

"ऐकलं."

"काय करताय?"

"खुर्ची मढवतोय."

"बाबा, खरं सांगा. नाचलात ना?"

भोंगा माझ्याकडे बघायला लागला. मी छताकडे.

"थोडंसं," तो म्हणाला.

पलीकडे भांडं आपटल्याचा आवाज आला. मग लेक म्हणाली, "रविवारी तुमचं मन म्हणेल त्याच्या नावानं ओरडा. मी अडवत नाही. पण तोफेसाठीच घसा फोडायचा असेल तर संध्याकाळी आमच्याकडे येऊ नका. तो काही बोलत नाही, नुसता जेवायचा थांबतो. ते मला बघवत नाही."

फोन ठेवून भोंगा परत खुर्चीकडे वळला आणि त्याच्या लक्षात आलं की मघापासून त्यानं रेक्झिन उलटं लावलंय. गुळगुळीत बाजू आत, खरखरीत बाहेर. तीस वर्षांत पहिल्यांदा. सगळ्या पिना उपसाव्या लागल्या. उपसता उपसता म्हणाला, "तू शहाणा आहेस. मला सांग, मला आनंद झालाय की वाईट वाटतंय?"

"मला कसं कळणार?"

"तुला लोकांचं सगळं कळतं. माझंच कसं नाही कळत?"

टोमणा बरोबर होता म्हणून मी खाली पडलेल्या पिना वेचायला लागलो.

रविवार आला. भोंगा पहिल्या पायरीवर गेला खरा, पण तोंड उतरलेलं. तोफ मैदानात आली तेव्हा गॅलरी वेडी झाली. भोंग्यानं नाव पुकारलं. पुकारायलाच हवं होतं, लोक त्याच्याच तोंडाकडे बघत होते. पण आवाजात दम नव्हता. जावई बाकावर, अंगात जाकीट, गुडघ्यांवर कोपरं.

नवव्या मिनिटाला जे झालं ते बघायला हवं होतं. निम्म्या गॅलरीनं सवयीनं तोंडावर बोट ठेवलं, निम्मी ओरडत राहिली. मग ओरडणाऱ्यांनी गप्प बसलेल्यांना बघून तोंड मिटलं, आणि गप्प बसलेल्यांनी ओरडणाऱ्यांना बघून उघडलं. नेमका तोफेच्या पायात चेंडू. आपल्यावर लोक रागावलेत की खूश आहेत हे त्याला कळेना. वर बघता बघता चेंडू कडेबाहेर गेला.

पाच महिने घरी बसलेली तोफ. पोट सुटलेलं नव्हतं, पण श्वास सुटला होता. उत्तरार्धाच्या मध्यावर तोफ कमरेवर हात ठेवून उभी राहायला लागली. प्रशिक्षकानं मागे वळून बघितलं आणि जावयानं जाकीट काढलं.

गॅलरीत कुरकुर सुरू झाली. इतक्या दिवसांनी मिळालेला माणूस काढतात म्हणजे काय. वकील माझ्या शेजारी उभा राहून म्हणाला, "हा सरळ न्यायालयाचा अवमान आहे." सगळ्यांनी भोंग्याकडे बघितलं. त्यानं तोफेचं नाव पुकारलं असतं तर प्रशिक्षकाची धडगत नव्हती, आणि आत जाणाऱ्या पोराचीही.

त्या दिवशी नाव पुकारायला भोंगा पहिल्यांदाच मैदानाकडे तोंड करून वळला. तोफ बाहेर येत होती. जावई रेषेवर उभा होता. भोंग्यानं छाती भरून घेतली. आता पुकारायचं ते खेळाडूचं नाव. तशी रीत. पण जावयाचं नाव त्यानं लग्न ठरल्यापासून एकदाही तोंडात घेतलं नव्हतं. गेल्या पाच महिन्यांत गॅलरीतही ते औषधवाल्याकडून पुकारून घ्यायचा. स्वतः खोकल्याचं निमित्त करायचा. आज औषधवाला तोफेसाठी रडत होता. तोंडात तयार होतं तेच बाहेर आलं.

"जावईबापू..."

एक क्षण कुणालाच काही कळलं नाही. पण गॅलरीला भोंग्यानं दिलेलं परत करायची सवय. हजारो घशांतून आवाज आला, "जावईबापू..."

भोंग्यानं परत दिलं. गॅलरीनं परत केलं. तिसऱ्यांदा तर पश्चिमेकडचेही ओरडले. त्यांना काय माहीत, हे कोणा परदेशी खेळाडूचं नाव असेल असं वाटलं असणार. जावई रेषेवरच खिळला. पंचानं दोनदा आत ये म्हणून खुणावलं तेव्हा कुठे गेला. गेला आणि पहिलाच पास चुकीच्या माणसाला दिला. पुढे गोलबिल काही मारला नाही. सामना बरोबरीत सुटला.

आता भोंग्यापुढे नवाच पेच. संध्याकाळी लेकीकडे जायचं की नाही? तो तोफेच्याही नावानं ओरडला होता. अट मोडली की पाळली, हे विचारायला तो वकिलाकडे निघाला होता. वहिनीनं दारातच अडवलं. "अहो, त्याच्याकडे गेलात तर पुढची तारीख मिळेल. चपला घाला."

पुढचं मला वहिनीनं सांगितलं, आणि वहिनी मीठमिरची लावत नाही. ते खातं माझ्याकडे आहे.

दार जावयानं उघडलं. घोट्याला बर्फ बांधलेला. सासऱ्याला बघून म्हणाला, "या बाबा. मला वाटलं तुम्ही दुसऱ्याच कुणाला हाका मारताय."

"नाही, तुम्हालाच."

"संघातले आता सगळे मला तसंच म्हणतात. तोफही. विचारत होता, हे तुझं खरं नाव का."

लेक स्वयंपाकघरातून हात पुसत आली. तोंड गंभीर, पण ओठांचे कोपरे काबूत नव्हते. सगळे जेवायला बसले. जावई जेवत होता, हे भोंग्यानं तीनदा तिरक्या नजरेनं बघून घेतलं.

मग लेकीनं विचारलंच. "बाबा, पुढच्या वेळी यानं नवव्या मिनिटात गोल मारला तर?"

"ओरडेन."

"आणि तोफेनं मारला तर?"

भोंगा घास चावत राहिला. वहिनी म्हणते, एवढा वेळ त्यानं लग्नाला हो म्हणतानाही घेतला नव्हता.

"तेव्हाही ओरडेन," तो म्हणाला. "काय करू, आतून येतं. मला अजून नीट कळलेलं नाही बाळा. पण जावईबापूंच्या तोंडाकडे आधी बघेन, आणि मग ओरडेन."

लेकीनं नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्यानं खांदे उडवले. "पुढच्या रविवारी बहुतेक मी बाकावरच असेन, बाबा. तुमच्यापासून लांब नाही. दिसेन."

"मग झालं," लेक म्हणाली, आणि बापाच्या ताटात न विचारता भात वाढला.